अर्ध्यावर धरलेला पाय

हलसूर, बंगळूर
११ ऑगस्ट १९९७

सोयराआत्या,

पाया पडतो. गोव्याहून येताना तुझ्याकडे मिरजेला तीन दिवस राहिलो, आणि निघताना 'पोचलो की लगेच पत्र टाकतो' म्हणालो, त्याला दीड वर्ष झालं. खोटं कारण सांगत नाही. कार्ड त्याच आठवड्यात आणलं होतं. पत्ताही लिहिला. मग मागच्या बाजूला एका सर्किटचं चित्र काढायला लागलं, जवळ दुसरा कागद नव्हता. दुसरं कार्ड आणलं ते खिशातच धुतलं गेलं. तिसऱ्यापासून लाज वाटायला लागली, आणि लाज वाटायला लागली की माणूस आणखी लांबवतो. शिवाय माझी शाळा कन्नडची, मराठी तेवढी घरातली. चुका असतील त्या सरी, म्हणजे नीट, करून वाच.

आणि एक खरं कारण आहे. ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

गोव्यात मी कुठे होतो ते तुला सांगितलं होतं, काय ऐकलं ते नाही. तिथे समुद्रावर झापाच्या एका हॉटेलात एक म्हातारा गिटार वाजवायचा. पहिल्या दिवशी मी आत गेलो तो मासे खायला. आणि अचानक गिटार बोलायला लागली. वाजायला नाही, बोलायला. तान्हं पोर रडायच्या आधी ओठांचा चंबू करून 'ऊ…' करतं आणि मग तोंड उघडून 'आ…' करतं ना, तस्सं. एकच तार, एकच सूर, पण तो सूर तोंड उघडत होता, मिटत होता, मधेच नाक चोंदल्यासारखा अडत होता. सगळे म्हाताऱ्याच्या बोटांकडे बघत होते. मी टेबलाखाली वाकून पायाकडे बघितलं. शिंप्याचं पोर ना!

त्याच्या पायाखाली एक लोखंडी पेटी होती, वर पाय ठेवायची पट्टी, मधोमध बिजागरी. टाच दाबली की आवाज तोंड मिटतो, चवडा दाबला की उघडतो. मधल्या जागेत सगळी बाराखडी. त्याला वाह पेडल म्हणतात. मी तिथे चार महिने भांडी घासली ती त्या पेटीसाठी. निघताना म्हाताऱ्यानं त्याचं एक मोडकं पेडल मला दिलं. आतलं सामान होतं, वरची पट्टी तुटून गेलेली.

इथे आल्यावर सेल्वम भेटला. हलसूरला मी राहतो त्या खोलीखालीच त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, वयानं माझ्याएवढाच, बोलायला तमिळ आणि चिडायला इंग्रजी. त्यानं आतलं सगळं जिवंत केलं. राहिली पट्टी. आम्ही फळी लावून बघितली, ती नाचायची. विळीचा पाट लावला, तो कुरकुरायचा. मोटारीचं पायातलं रबर लावलं. पाय ठेवला की कळायचं, हे नव्हे. पायाला काहीतरी दुसरं आठवत होतं.

आता शेवटचं सांगतो. मे महिन्यात अप्पा लग्नाला तुमकूरला गेले होते. मी चामराजपेटला घरी गेलो, दुकानाच्या मागच्या खोलीत तुझं ते काळं शिवणाचं मशीन आहे, सोनेरी वेलबुट्टीचं, त्याचं पायडल सोडवलं आणि पोत्यात घालून घेऊन आलो.

आत्या, काय बसलंय म्हणून सांगू! तीन किलो लोखंड, पण पाय ठेवला की श्वास घेतल्यासारखं हलतं. या बंगळुरात परदेशी पेडलं असतील पाच-सहा. असं एकही नाही.

अप्पांना कळलंय. आईच्या हाती निरोप आला: 'खंडेनवमीच्या पूजेला पायडल मशीनला लागलेलं दिसलं नाही तर माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस.' घर दुकानाच्या मागेच, म्हणजे घराचीही. आता मशीन तुझं. लग्नानंतर तू ते इथेच विसरलीस, तेव्हापासून ते पडून आहे. तर तू अप्पांना एवढी एक ओळ लिही: 'पायडल पोराला दिलं.' बास.

तुझा
परसू


मिरज
२२ ऑगस्ट १९९७

चिरंजीव परसू,

शंभर वर्षं जग आणि त्यातलं एखादं तरी सरळ जग.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा रागानं आणि एकदा चष्मा लावून. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

मी मशीन विसरून आले म्हणतोस? अरे, बायका माहेरी रुमाल विसरतात, छत्री विसरतात. मशीन विसरत नाहीत. पुन्हा असं लिहू नकोस.

तुझ्या अप्पाला मी एक ओळसुद्धा लिहिणार नाही. सव्वीस वर्षं लिहिली नाही, ती काय तुझ्या गिटारसाठी लिहायची? दिवाळीला त्याचं कार्ड येतं, 'सर्व कुशल', आणि खाली सही. मी ते वाचते आणि ठेवून देते. का, ते तू विचारायचं नाहीस.

वाह पेडल म्हणजे काय ते मला कळलं नाही. शेजारच्या जोशी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, 'वाहवा करणारं यंत्र असेल. आपण वाजवायचं आणि त्यानं वा वा म्हणायचं.' म्हणजे परसू, वाहवा पण आता घरच्या घरी शिवायला लागलास? आपल्या धंद्यात गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, खांदे हलवून बघतं, आणि मग त्याला म्हणावंसं वाटलं तर म्हणतं. मशीननंच म्हणायला लागलं तर शिंप्यानं करायचं काय?

आता मला सरळ उत्तरं दे. एक, पायडल कापलंस का? कापलं असशील तर तसं सांग, मी ऐकायला बसले आहे. दोन, टाच कुठे ठेवतोस? जाळीच्या मधल्या फुलावर की खाली कडेला? कडेला ठेवत असशील तर तुला कोणी काही शिकवलेलं नाही. तीन, उभा राहून वाजवतोस की बसून? उभ्यानं पायडल चालत नाही. गुडघा ताठ होतो.

आणि नवमीच्या आत ते जिथलं आहे तिथे लाव. हे मी तुझ्या अप्पाच्या बाजूनं सांगत नाही.

जेवतोस का वेळेवर?

सोयराआत्या


हलसूर
९ सप्टेंबर १९९७

आत्या,

पाया पडतो, दोन्ही.

उत्तराला पुन्हा उशीर. या वेळी खरंच काम होतं. पेडलच्या आत एक गुंडाळी असते, तांब्याच्या केसासारख्या तारेची. ती जळली. तार आणायला सेल्वमनं मला मार्केटात पाठवलं. समोर हेब्बाळची बस उभी होती, रिकामी, खिडकीची जागा. मी बसलो. हेब्बाळच्या तळ्यावर पोत्यासारख्या चोचीचे मोठे पक्षी उतरतात, ते पाण्यावर बसताना पाय पुढे काढतात, टाच आधी, मग चवडा. मी संध्याकाळपर्यंत बघत बसलो. तार दुसऱ्या दिवशी आणली. सेल्वम मला काय म्हणाला ते तमिळमध्ये होतं, म्हणून बरं.

तुझी उत्तरं. कापलं नाही. एक भोक पाडलंय, करंगळीचं टोक जाईल एवढं. त्यातून रेडिओच्या काट्याची दोरी जाते. पायडल हललं की दोरी ओढली जाते आणि आतलं बटण फिरतं. टाच मधल्या फुलावरच ठेवतो. उभाच राहून वाजवतो, पण डाव्या पायावर भार देतो, उजवा मोकळा.

वाहवा करणारं यंत्र नाही ते! मास्तरांना सांग. त्या आवाजावरून नाव पडलंय. सेल्वमचं म्हणणं वेगळंच. तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. तो म्हणतो, तुझी गिटार नुसती बोलवत बसते, वा, वा, वा, कुणीतरी येऊन तिला विचारा तरी काय पाहिजे ते.

एक गाढवपणा सांगतो, हसू नकोस. आवाजात खरखर यायला लागली. मी काय केलं? मशीनचं तेल आणलं आणि त्या बटणात चार थेंब सोडले. कुरकुरलं की तेल, लहानपणापासून हेच बघितलंय. बटण मेलं. सेल्वम टेबलावर चढून ओरडला, 'यू टेलर! यू ब्लडी टेलर!' त्याला वाटलं शिवी दिली. मला आत्या, छाती फुगल्यासारखं वाटलं.

कारण ऐक. आमचा चौघांचा बँड आहे. आम्ही वाजवतो तिथे इतर गिटारवाले येतात, पेडल बघून हसतात. 'इस्त्री पण आणली आहे का?' विचारतात. मग ऐकतात. त्यांच्याकडे चांगली परदेशी पेडलं आहेत, पण ते पाय नुसता आपटतात, वर-खाली, वर-खाली, खारीक कुटल्यासारखा. मला जे येतं ते त्यांना येत नाही. मी पाय अर्ध्यावर धरतो. पूर्ण मिटलेला नाही, पूर्ण उघडलेला नाही. तिथे एक जागा आहे, केसाएवढी. तिथे धरलं की गिटारचा आवाज नाकातून येतो, कोणीतरी रडू दाबून बोलतंय असा. तो मी पाच-पाच मात्रा हलू देत नाही. मग टाचेनं सोडतो, सावकाश, आणि हॉलमधली माणसं खुर्चीत मागे टेकतात. मला स्टेजवरून दिसतं ते. आणि हे मला कुणी गिटारवाल्यानं शिकवलेलं नाही. कॉलरच्या टोकाला आलं की सुई कापडाच्या वर थांबवायची, हात न लावता, नुसत्या पायानं, आणि कापड वळवायचं. हे अप्पांनी शिकवलं, मी दहा वर्षांचा असताना, चुकलं की पट्टी मारून.

आता अडचण. कूक टाऊनला बँडची मोठी स्पर्धा आहे, दुपारी तीनला. दिवस कुठला? खंडेनवमी! पायडल घरी लावलं तर वाजवू कशावर? नाही लावलं तर पायरी बंद.

मला हेच कळत नाही, अप्पांना ते हवंय कशाला? त्या मशीनवर कोणी बसत नाही. दोरा भरलेला नाही, पट्टा काढून ठेवलाय. दर शनिवारी दुकान उघडायच्या आधी अप्पा त्याच्यावरची चादर काढतात, तेल घालतात, चाक हातानं चार वेळा फिरवतात, पुन्हा चादर. मी लहानपणी एकदा त्यावर बसलो तर उचलून खाली ठेवलं. नुसतं लोखंड सांभाळायचं म्हणून? तुझं आहे ना ते? मग तू सांग की ग.

परसू


मिरज
२५ सप्टेंबर १९९७

परसू,

तुझं पत्र आलं त्याला नऊ दिवस झाले. आज लिहायला बसले. म्हणजे उशीर तुझ्याकडूनच शिकले म्हण.

सुई अर्ध्यावर धरणं तुझ्या अप्पानं तुला शिकवलं, बरोबर. त्याला कुणी शिकवलं ते त्यानं सांगितलं नसेल. मी शिकवलं. तो आठ वर्षांचा होता, किट्टू म्हणायचो आम्ही, पाय पायडलला पुरायचे नाहीत म्हणून मी त्याच्या टाचेखाली माझा पाय ठेवायची आणि म्हणायची, आता धर. आता सोड. आणि मला आमच्या बाबांनी शिकवलं. चामराजपेटात तेव्हा पंचवीस मशीनं होती. बाबा गिऱ्हाइकांना म्हणायचे, 'कॉलर सोयराकडे द्या, तिचा पाय बघून घ्या.' पाय बघून घ्या! माणसं यायची बघायला. मी मान खाली घालून शिवायची आणि मनात म्हणायची, बघा.

म्हणून तुझं ते पाच मात्रा वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. आपल्या घराण्याला गळा नाही, रूप नाही, शिक्षण तर नाहीच. पाय आहे.

लग्न ठरलं तेव्हा बाबांनी ते मशीन माझ्या नावानं घेतलं होतं. सासरच्यांनी सांगितलं, सून मशीनवर बसणार नाही, लुगडं वर होतं, पाऊल दिसतं. ज्या पावलाला बघायला लोक यायचे ते पाऊल. मशीन तिथेच राहिलं. मी विसरले नाही, कळलं?

पुढे सासू गेली, हे म्हणाले, 'आण आता तुझं मशीन.' एकाहत्तर साली बाबा गेले, मी तेराव्याला आले होते. किट्टूला म्हटलं, मशीन रेल्वेनं पाठव. तो खाली बघत म्हणाला, 'ते इथंच राहील, अक्का.' एवढंच. कारण नाही, काही नाही. बाप जाऊन तेरा दिवस, आणि भाऊ बहिणीच्या मशीनवर बसला. मी त्याच रात्रीच्या गाडीनं परत आले. तेव्हापासून बंगळूरची पायरी मी चढलेली नाही. म्हणजे तू एकटाच नाहीस.

मी इतकी वर्षं समजत होते तो त्यावर शिवतो आहे. आणि तू लिहितोस कोणी बसत नाही. पट्टा काढलेला. मग अडवलं कशाला? हे मला समजून घ्यायचं आहे. मी विचारणार नाही, तू विचार.

पायडल नवमीला लाव. स्पर्धा राहिली तर राहू दे. पांगळं मशीन पुजत नाहीत, आणि पूजेच्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. शिंप्याच्या घरात वाढलास, हे मी सांगायला नको. पण मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. माझं पायडल कूक टाऊनला टाळ्या घेणार होतं.

आणि वाजवताना पायात बूट घालत असशील तर काढ. तळव्याला लोखंड कळलं पाहिजे.

सोयराआत्या


हलसूर
१३ ऑक्टोबर १९९७

आत्या,

या वेळी तिसऱ्या दिवशी लिहायला बसलोय. सगळं क्रमानं सांगतो, मधे कुठे हेब्बाळला जाणार नाही.

नवमीला सकाळी पायडल सोडवलं. सेल्वम शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, 'स्वल्प विचार कर. आज दुपारी स्पर्धा आहे आणि तू गिटारची जीभ कापतोयस.' मी म्हटलं, जीभ तिची नाही, माझ्या आत्याची आहे. तो म्हणाला, 'तुझं घराणं म्हणजे एक सर्किट आहे, कुठून कुठे करंट जातो कळत नाही.' पण पोतं त्यानंच बांधून दिलं.

चामराजपेटला सगळीकडे कोहळे फुटलेले, रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले. दुकानाला तीन पायऱ्या. मी खाली थांबलो. आत अप्पा कातऱ्या, गजपट्ट्या, इस्त्री सगळं पाटावर मांडून बसले होते. मला बघितलं, पोत्याला बघितलं.

"आणलंस?"

"आणलंय."

"मग उभा काय? बसव."

एवढंच, आत्या. मी वर चढलो. मागच्या खोलीत गेलो, आडवा पडलो, दोन्ही बाजूचे स्क्रू बसवले, दांडी जोडली. अप्पा येऊन शेजारी उकिडवे बसले. पायडलवरून हात फिरवला, बोट त्या भोकात गेलं.

"हे काय?"

"दोरी जाते तिथून."

"कसली दोरी?"

"रेडिओच्या काट्याची."

"हं." मग बोट कडेवरून फिरवून, "भोक सरळ पाडलंयस. कडा घासल्या आहेत."

"घासल्या."

"लुगड्याचा काठ अडकला नसता."

मला तेव्हा काही कळलं नाही, त्या मशीनवर लुगडं कुठून येणार? मग मी विचारलं. तू सांगितलंस म्हणून विचारलं, नाहीतर माझी छाती नव्हती. म्हटलं, अप्पा, आत्या विचारते, शिवायचं नव्हतं तर मशीन पाठवलं का नाही?

अप्पांनी हळदीची वाटी उचलली. पायडलला पाच बोटं लावली, चाकाला लावली. म्हणाले, "पाठवलं असतं तर अक्का कशाला आली असती इकडं? बाबा गेले. आई आधीच गेलेली. माझ्यासाठी कोण येतंय मिरजेहून? माहेरी बाईचं काहीतरी राहायला लागतं. घ्यायला म्हणून तरी येते."

"मग हे तिला सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? मला वाटलं, पुढच्या वर्षी येईल, भांडेल, बसेल मशीनवर. चार दिवस राहील. तेल घालून ठेवलं. सव्वीस वर्षं घालतोय."

मग चिडले. "आणि तू ते पायडल पोत्यात घालून नेलंस! त्याच दिवशी ती आली असती तर?"

आईनं चुरमुरे आणि चणे हातावर ठेवले. मी खाल्ले.

निघताना अप्पांनी थांबवलं. टेप काढली आणि पायडलची मापं घेतली. लांबी, रुंदी, बिजागरीपासून टाचेचं फूल किती, चवडा किती, भोक कुठे. खाकी कागद पसरला आणि खडूनं पायडल आखलं, जाळीसकट, एखादी शेरवानी बेतावी तसं. वर तारीख घातली. "मागडी रोडला ओतकाम करतात. तिथून दुसरं ओतून घे. हे इथून हलणार नाही." कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली. बावीस वर्षांत त्यांनी माझ्या खिशात पहिल्यांदा काही घातलं.

आता स्पर्धा. कूक टाऊनला पोचलो तेव्हा आमच्या आधीचा बँड वाजवत होता. त्यांच्या गिटारवाल्याचं परदेशी पेडल मागून घेतलं. तोच, इस्त्री विचारणारा. हसला, पण दिलं. ते उपम्याच्या प्लेटएवढं हलकं. बूट घालून पाय ठेवला, घसरलं. दुसऱ्यांदा घसरलं. हॉलमध्ये हसू. मग मी बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी उभा राहिलो. हसू आणखी वाढलं.

मग मी टाच टेकवली. तळव्याला गार लागलं. गिटारनं तोंड मिटून 'ऊं' केलं, आणि मी चवड्यावर भार देत ते अर्ध्यापर्यंत आणलं आणि धरलं. त्या पेडलला मी ओळखत नव्हतो, पण ती केसाएवढी जागा तिथेही होती. पाच मात्रा. सहा. आमचा ढोलकरी थांबला, माझ्याकडे बघायला लागला. सात. आवाज तिथेच, रडू आणि हसू यांच्या मधे, थरथरत नाही, घसरत नाही. हसणारे पुढे सरकून बसले. मला स्टेजवर काय आठवत होतं सांगू? तुझी टाच अप्पांच्या टाचेखाली, अप्पांची माझ्या टाचेखाली. आठव्या मात्रेला कोणीतरी आतून म्हणालं, आता सोड. मी सोडलं, आणि गिटार आ करून उघडली.

पहिले आलो नाही, तिसरे आलो. पहिला नंबर त्याच इस्त्रीवाल्याचा. पण उतरल्यावर तो पेडल घ्यायला आला आणि घेता घेता माझ्या पायाकडे बघत राहिला. विचारलं, 'तिथे थांबवलंस कसं? कुठे शिकलास?' मी म्हटलं, चामराजपेट, सोयराबाईंच्या मशीनवर. त्यानं नाव लिहून घेतलं, आत्या! त्याला वाटलं तू गिटार शिकवतेस. मी काही सुधारलं नाही.

तर आता तुला हे कळलं. अप्पांनी मशीन अडवलं नव्हतं, तुला अडवायला ठेवलं होतं. आणि तू त्यामुळेच आली नाहीस. दोघांनी मिळून सव्वीस वर्षं एक टीप उलटी मारली. मी लहान आहे, मला असं लिहायचा हक्क नाही, पण लिहिलंय. उसवायची झाली तर एकानं दोरा धरायला हवा. अप्पा धरणार नाहीत, त्यांना मी ओळखतो. आणि तू पण त्यांचीच बहीण. म्हणून मी विचार करतोय की पुढच्या महिन्यात मीच मिरजेला येतो, दोन दिवस तुला समजावतो, तू तीन दिवस नाही म्हण, मग

थांब. खाली कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडतंय. कन्नडात भांडतंय, पण काय कन्नड! असं आता कोणी बोलत नाही, माझी आजी बोलायची म्हणे तसलं. सेल्वम वर येतोय, दोन-दोन पायऱ्या.

सेल्वम विचारतोय, 'टेलर, तुमच्या घराण्यात अजून किती जण आहेत?' खाली एक बाई आल्या आहेत, हातात मिरजेच्या गाडीचं तिकीट आणि एकच पिशवी. चपला बाहेर काढून दुकानात शिरल्या. म्हणाल्या, भावाकडे जायचंय, पण एकटी जाणार नाही, आधी परसूला बोलवा.

मी गॅलरीतून वाकून बघितलं.

आत्या, पाकिटावर मिरजेचा पत्ता लिहून झालाय. हे पत्र मी आता हातातच घेऊन उतरतो. खाली तू आली आहेस.